कापलेली कडी

४ जानेवारी

मामांना भिंगरीचा वाकून नमस्कार, आणि मामीला कडकडून मिठी.

फोनवर तुम्ही "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय" करत अर्धा तास घालवता, त्यापेक्षा पत्र बरं, असं मामीच म्हणाली. चाळीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात घणाशेजारी उभं राहिल्यावर कान काय उरणार! मोबाइलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्या वाटतात. तेव्हा कागद घेऊन बसले आहे.

बातमी अशी, की घरोघर जाऊन जखमांचं ड्रेसिंग करणाऱ्या आम्हा नर्सना ऑफिसनं विजेवर चालणाऱ्या सायकली दिल्या. आपण नुसता पाय मारायचा, बाकी मोटर बघते. चढावर तर मला चक्क हसू येतं. पूर्वी दिवसाला सहा पेशंट व्हायचे, आता नऊ होतात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाय बादलीत बुडवून बसावं लागत नाही.

पण काळजीही आली. सायकल ठेवायची बाहेरच. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना असा की पाहुणा खाली उतरत असेल तर आपण भिंतीला चिकटून उभं राहायचं. पेशंटच्या दारातही तीच गत. आमच्या रस्त्यावरून महिन्याभरात दोन सायकली गेल्या. ऑफिसनं दिलेलं कुलूप म्हणजे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली तार. ते बघून तुम्ही काय म्हणाल ते मला इथूनच ऐकू येतंय. तर म्हणा, आणि लिहून कळवा.

तुमची भिंगरी

११ जानेवारी

चि. भिंगरी, खूप खूप आशीर्वाद.

त्या तारेवर कपडे वाळत घाल. तेवढीच तिची लायकी आहे.

आता नीट वाच. पहिली गोष्ट, चोर थांबत नसतो. कुठलंही कुलूप फोडता येतं, हे मी चाळीस वर्षं कुलपं करून सांगतोय. आपण चोराचा फक्त वेळ खायचा. त्याला कंटाळा आला, घाम आला, कुणी बघेल अशी धास्ती वाटली, की तो पुढच्या सायकलीकडे जातो. पुढच्या सायकलवाल्याचं काय, ते मला विचारू नकोस. त्यानंही माझ्याकडून साखळी न्यावी.

खांबाला बांधतेस तो खांब आधी हलवून बघ. बुटका असेल, वरून साखळी उचलून काढता येत असेल, तर तो खांब नव्हेच. साखळी मागच्या चाकातून आणि चौकटीतून घे. नुसतं पुढचं चाक बांधलंस तर चोर चाक तुला आठवण म्हणून ठेवतो आणि बाकीची नेतो. साखळी जमिनीवर लोळू देऊ नकोस, खाली टेकली की कटरला जोर मिळतो. उंच, ताणून लाव, आत हत्यार घालायला फट राहता कामा नये. बॅटरी काढून वर ने, तिच्यावाचून सायकल म्हणजे लोढणं. चौकटीखाली नंबर कोरलेला असतो, तो लिहून ठेव, फोटो काढ. सायकल कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारी छोटी डबी मिळते म्हणे, ती सीटखाली लपव. आणि उजेडात ठेव, लोकांच्या डोळ्यांसमोर.

राहिली साखळी. ती विकत घेऊ नकोस. बाजारातली वरून चकचकीत, आतून बिस्किट. मी करतोय. मागच्या खोलीतली भट्टी दोन वर्षांत पेटवलेली नाही, तुझ्या निमित्तानं पेटेल. मामी आत्ताच कपाळाला हात लावून बसली आहे.

मामा

३ फेब्रुवारी

प्रिय मामांना नमस्कार.

पार्सल मागच्या आठवड्यातच आलं! पोस्टमनदादा तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत अर्धमेले झाले होते. "बाई, यात काय बांधून ठेवलंय?" म्हणून विचारत होते. साडेतीन किलो! मामा, अहो, मी सायकल बांधायची साखळी मागितली होती, जहाज बांधायची नाही.

पण काय सुंदर झाली आहे. एकेक कडी चौकोनी, आणि कुलूप कसं गपकन बसतं. मी मैत्रिणींना दाखवली. रोज लावते. तुम्ही सांगितलं तस्संच, मागच्या चाकातून आणि चौकटीतून. सायकलीपेक्षा साखळीच जास्त देखणी दिसते. अजूनही नव्यासारखी चमकते.

मामीच्या गुडघ्याला दोन्ही वेळ शेक चालू ठेवायला सांगा.

तुमची भिंगरी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मामी म्हणते, पाठ झालं असेल.

तुझी साखळी करताना गल्लीतल्या लोकांनी भट्टीचा धूर बघितला आणि विचारपूस सुरू झाली. आता पाच जणांना करून दिल्या. दूधवाला, दोन मास्तर, कोपऱ्यावरचा औषधवाला आणि आपल्या शिवणकाम करणाऱ्या काकू. काकूंचा पाय अधू आहे तुला माहीतच आहे, त्यांनी विजेची सायकल घेतली आहे. शिवलेले गणवेश त्याच पोचवतात. परवा मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "तुमची साखळी लावल्यापासून मी खिडकीतून डोकावायची बंद झाले." मी ओठांवरून वाचलं, बरोबरच वाचलं असणार.

कारखाना सुटल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. आता घराबाहेर पडलो की दहा मिनिटांच्या वाटेला तास लागतो. हे सगळं तुझ्यामुळे.

एक सांग, वापरातली साखळी चमकते कशी? चांगलं पोलाद आठवड्याभरात काळवंडायला लागतं. तू तेल पुसून ठेवत असशील. एवढी काळजी घेऊ नकोस, ती तुझी काळजी घ्यायला आहे.

मामा

१७ मार्च

प्रिय मामा,

कसं लिहू कळत नाही. सायकल गेली.

मंगळवारी दुपारी, एका पेशंटच्या दारातून. मी आत होते. बाहेर आले तर खांबाशी काही नाही. साखळी कापून टाकलेली होती. चोरांकडे हल्ली मोठमोठी यंत्रं असतात म्हणे.

ऑफिसात फॉर्म भरून दिला. त्यांनी दुसरी सायकल दिली आहे, तेव्हा माझं काम थांबलेलं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा काहीच दोष नाही, कुठलंही कुलूप फोडता येतं असं तुम्हीच लिहिलं होतं.

भिंगरी

२१ मार्च

चि. भिंगरी,

तुला लागलं नाही ना? चोर समोर आला नाही ना? तेवढं बरं.

कापलेली कडी पाठव. कापलं कशानं ते कापलेल्या तोंडावर लिहिलेलं असतं. कटरनं दाबून तोडली तर एक सांगते, ग्राइंडरच्या फिरत्या चकतीनं कापली तर दुसरं. पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवून बुडवून कडक करताना, माझा हात चुकला असेल तर तेही दिसेल. मला ते बघायलाच हवं.

मामा

२८ मार्च

माझ्या लाडके,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं तर हस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडले आणि पाचही घरी गेले. मी मागोमाग गेले, म्हटलं ऐकू येत नाही, कुठे धडपडतील. प्रत्येक दारात उभं राहून एकच वाक्य. "माझी साखळी कापली गेली. माझ्या भरवशावर राहू नका, परत द्या." औषधवाला म्हणाला, राहू द्या हो. शिवणकाम करणाऱ्या काकू तर देतच नव्हत्या. ह्यांनी हात जोडले. शेवटी त्यांनी दिली. पाचही साखळ्या आता माळ्यावर आहेत.

परवा दूधवाला सहज म्हणाला, "मामांचं वय झालं आता." त्यात वाईट काही नव्हतं. पण ह्यांनी ते ओठांवरून वाचलं. तेव्हापासून संध्याकाळचं फिरणं बंद आहे. खिडकीत बसतात आणि हाताच्या तळव्याकडे बघत राहतात.

ती कडी पाठव गं बाई. काय चुकलं ते एकदा दिसलं म्हणजे सुटतील.

मामी

५ एप्रिल

प्रिय मामा,

कडी पाठवते आहे. उशीर झाला, माफ करा.

भिंगरी

१० एप्रिल

चि. भिंगरी,

कडी काल मिळाली. बघितली. काय ते समजलं.

आता हा विषय पुरे. नव्या सायकलीला जप. मामीचा गुडघा बरा आहे.

मामा

२२ एप्रिल

लाडके,

वाईट बातमी आहे. शिवणकाम करणाऱ्या काकूंची सायकल गेली. परवा भरदिवसा, शाळेच्या फाटकासमोरून. गणवेशांचा गठ्ठा द्यायला आत गेल्या होत्या. साखळी आपल्या माळ्यावर. त्यांनी बाजारातून तारेचं कुलूप आणलं होतं, ते दोन तुकडे होऊन पडलं होतं. मी बघून आले. काकू फाटकापाशी ओट्यावर बसून होत्या. रडत नव्हत्या. घरी कसं जायचं याचा विचार करत होत्या.

ह्यांना मी लिहून सांगितलं. कागद वाचला आणि आत जाऊन झोपले. दोन दिवस झाले, माझ्याशीही बोलत नाहीत. तुला कळवायचं नव्हतं, पण मी एकटीनं हे किती दिवस पोटात ठेवू?

मामी

२६ एप्रिल

मामा,

हे पत्र उभ्यानं वाचू नका. बसा.

तुमची साखळी कुणी कापली नाही. चोरांनी तिला हातही लावला नाही, कारण ती तिथे नव्हतीच. माझ्या खोलीच्या दारामागे खिळ्याला टांगलेली होती. पार्सल आलं त्या दिवशी टांगली ती तशीच. जड होती, बॅगेत ड्रेसिंगचं सामान, वर साडेतीन किलो कोण वाहणार, असं पहिल्या दिवशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. मग तुम्हाला रोज लावते म्हणून लिहून टाकलं. एवढ्या प्रेमानं केलेली वस्तू खिळ्याला आहे असं कुठल्या तोंडानं लिहू?

त्या मंगळवारी तर मी तारसुद्धा लावली नव्हती. एका आजींना फक्त मलम द्यायचं होतं. दोन मिनिटांचं काम. किल्ली बॅटरीलाच होती. आत गेल्यावर त्यांच्या सुनेनं चहा टाकला, पंख्याखाली खुर्ची दिली, आणि मी अर्धा तास बसले. माझ्यासारखी नर्स दुसरी नाही असं आजी सुनेला सांगत होत्या आणि मी ऐकत बसले होते. बाहेर आले तर खांब मोकळा.

ऑफिसच्या फॉर्मवर विचारलं होतं, सायकल कुलूपबंद होती का, कुठलं कुलूप. नसेल तर दुसरी सायकल मिळत नाही, पायी फिरायचं. माझ्या हातानं मी लिहिलं, होय, जाड साखळी, कापली. लिहिताना तुमची साखळी डोळ्यांसमोर होती म्हणून ते शब्द चटकन सुचले. ऑफिसातल्या बाई हळहळल्या. मग तुम्हालाही तेच कळवलं. एकदा लिहून झालं होतं, दुसऱ्यांदा हात आपोआप चालला.

मग तुम्ही कडी मागितलीत. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी काय केलं ते लिहिते, आणि लिहिताना आत्ताही कानशिलं तापली आहेत. मी ती साखळी घेऊन खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या वेल्डरकडे गेले आणि म्हटलं, एक कडी कापून द्या. पहिली चकती झिजली. त्यानं दुसरी लावली. घामाघूम झाला. मधेच थांबून त्यानं साखळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "कुणी बनवली हो ही? अशी वस्तू कापायला जिवावर येतं."

मामा, मी म्हणाले, "माहीत नाही. भंगारात मिळाली."

सायकल गेली याची लाज वाटते, खोटं लिहिलं याची वाटते, पण या एका वाक्याची जी वाटते ती सांगता येत नाही. तो परका माणूस तुमचं कौतुक करत होता. त्याला नुसतं "माझ्या मामांनी" म्हणायचं होतं.

मामीचं पत्र आलं, तुम्ही पाच दारांत जाऊन काय म्हणालात ते कळलं, तरी मी गप्प बसले. "समजलं" असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला वाटलं तुम्ही स्वतःलाच दोष दिलात, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. आता काकूंची सायकल गेली. ती मी चोरली. दुसऱ्या कुणाचं नाव घेता येणार नाही.

मला काय हवी ती शिक्षा द्या. नुसतं गप्प राहू नका.

भिंगरी

१ मे

चि. भिंगरी,

बसूनच वाचलं.

मला माहीत होतं. कडी हातात आली त्याच मिनिटाला. कडीच्या दोन्ही अंगांना, वस्तू घट्ट धरून ठेवणाऱ्या व्हाइसच्या जबड्याचे दाते उमटलेत. टेबलाला पक्का बसवलेला व्हाइस घेऊन रस्त्यावर कुठला चोर फिरतो? काप सरळ, मध्ये दोनदा गार होऊ दिलेला. सावकाश, बैठकीनं केलेलं काम. आणि बाकीच्या कडीवर एक ओरखडा नाही. खांबाला दीड महिना घासलेली साखळी अशी असते का? पाणी उत्तम बसलेलं होतं. दोन चकत्या गेल्या म्हणतेस, मी एकच धरली होती.

आता माझं ऐक. पहिल्यांदा मला काय झालं असेल? आनंद झाला. भाची खोटं बोलली याचं दुःख नाही, माझा हात चुकला नव्हता याचा आनंद. मी मागच्या खोलीत एकटाच हसलो. तू खोटं बोललीस हे त्यानंतर लक्षात आलं, आणि मग मात्र फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी पाच साखळ्या परत द्यायच्या होत्या. पिशवीत भरल्याही. पण लोक विचारणार, मामा, काय झालं, परत का? माझी भाची खोटं बोलली असं म्हणायला तोंड उघडेना. म्हातारा चुकला, हे लोकांनी ऐकलेलं होतं, पचवलेलंही होतं. तेच राहू दे म्हटलं. पिशवी पुन्हा माळ्यावर टाकली. तुला वाचवतोय असं वाटलं. अकराव्या दिवशी काकूंची सायकल गेली.

तेव्हा ती तू एकटीनं चोरली नाहीस. तू लांब होतीस, मी इथेच होतो, आणि साखळ्या माझ्याच माळ्यावर होत्या. त्या रोज माझ्या खिडकीसमोरून लंगडत जातात, गठ्ठा डोक्यावर. मी पडदा लावून घेतो. असं तोंड लपवायची वेळ आयुष्यात आली नव्हती.

राग आहे. तो पत्रात मावणार नाही, म्हणून लिहीत नाही. शिक्षा मागतेस तर ये. पाचही दारांत तू बोलायचं, मी शेजारी उभा राहणार. एकट्यानं जायला माझे पाय उचलत नाहीत.

मामा

१२ मे

प्रिय मामा,

परतताना बसमध्येच लिहायला घेतलं होतं, अक्षर नीट येईना म्हणून आता घरी बसून लिहिते आहे.

रविवारी मी हळू बोलायचं ठरवून आले होते. दूधवाल्याच्या दारात मी पुटपुटले, तर तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही." मग ओरडून सांगावं लागलं. "मी साखळी लावलीच नव्हती! मी खोटं लिहिलं!" समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. दुसऱ्या दारापर्यंत आपण पोचायच्या आधी बातमी पोचली होती. थोरल्या मास्तरांनी साखळी घेतली आणि माझ्याकडे न बघता तुमच्या खांद्यावर हात ठेवला. औषधवाला हसला. हसला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

काकूंनी मशीन थांबवलं नाही. मी मशीनच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडत होते, त्या शिवत होत्या. शेवटी त्या काहीतरी बोलल्या, पण मान खाली होती, तुम्हाला ओठ दिसले नाहीत. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, काय म्हणाल्या. मी म्हटलं, "काही नाही."

हे पुन्हा खोटं. तुमच्याच अंगणात, अर्ध्या तासात. म्हणून लिहिते आहे.

त्या म्हणाल्या, "मी साखळी देत नव्हते. मामांनी हात जोडले. एवढा प्रामाणिक माणूस सांगतोय म्हणून दिली. वाईट वाटून घ्यायचं ते तुमचं तुम्ही घ्या, मला शिवू दे. उद्या तीस गणवेश पायी न्यायचे आहेत." एवढंच. मग सुईत दोरा ओवला.

तुम्हाला हे ऐकून लागेल म्हणून लपवत होते. पण तुमच्या वाटणीचं तुम्हाला कळायला हवं.

आज सकाळी ऑफिसात गेले. तो फॉर्म काढायला लावला आणि सांगितलं. बाईंनी तो पुन्हा वाचला. सायकल जमा करून घेतली, सहा महिने पायी फिरायचं, आणि ताकीद दिल्याचं पत्र फाइलला लावलं. नोकरी राहिली. पेशंट पुन्हा सहा झाले. सातव्या आजोबांना फोन करून सांगितलं की आता दुसरी नर्स येईल. त्यांनी कारण विचारलं, मी खरं सांगितलं. ते म्हणाले, बरं. मग फोन ठेवला.

भिंगरी

२ जून

चि. भिंगरी,

काकू काय म्हणाल्या ते कळवलंस, बरं केलंस. लागायचं तेवढं लागलं. लागायलाच हवं होतं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचे गठ्ठे न्यायला जातो. पहिले तीन दिवस त्यांनी दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी गठ्ठा बाहेर ओट्यावर ठेवलेला होता, वर पत्त्याची चिठ्ठी. मी उचलला. आता रोज असतो. आम्ही बोलत नाही. मला ऐकू येत नाही आणि त्यांना बोलायचं नाही, तेव्हा अडत नाही. मामी म्हणते, या वयात हमाली. मी म्हणतो, फिरणं सुरू झालं की नाही?

परवा त्यांच्या भावानं आपली जुनी विजेची सायकल त्यांना आणून दिली. मी पाचवी साखळी माळ्यावरून काढली, पुसली, घेऊन गेलो. त्यांनी हात मागे घेतला. मला दिसावं म्हणून तोंड वर करून, एकेक शब्द सुटा बोलल्या, "तुमच्या हातून नको. तिच्या हातून हवी. तिनं इथे यायचं, माझ्या दारात, माझ्या सायकलीला ती लावून दाखवायची. मग मी रोज लावीन."

हे माफी दिल्याचं आहे की नाही ते मला कळलं नाही. तू विचार करून कळव. रविवारी जमेल का?

मामा

६ जून

प्रिय मामा,

माफी नाही ती. मलाही तसं वाटत नाही. पण त्यांनी मला बोलावलं आहे, आणि मी येणार आहे.

फक्त रविवारी नाही, शनिवारीच येते. आणखी एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. मला ती साखळी लावता येत नाही. पार्सल उघडलं त्या दिवशी किल्ली एकदा फिरवून बघितली होती, तेवढीच. कुठून घालायची, कुठे ताणायची, ते मी तुमच्या पत्रात वाचलं आणि तुम्हालाच परत लिहून पाठवलं. हातानं एकदाही केलं नाही.

शनिवारी मला शिकवा, मामा. रविवारी काकूंच्या दारात ती पहिल्या झटक्यात लागली पाहिजे.

भिंगरी